थंडीच्या तोंडावर आईचा मॉन्स्टेरा कापू का?

प्रश्न : एका वाचक ताईंनी सविस्तर पत्र लिहिलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा गोषवारा असा. त्यांच्या गॅलरीत पंचवीसेक झाडं आहेत. मनीप्लांट, सिंगोनियम, क्रोटन, अग्लोनेमा, कॅलेडियम, रबराचं झाड, स्नेक प्लांट, झीझी आणि सगळ्यांत मोठा, त्यांच्या आईंनी लावलेला मॉन्स्टेरा. आई दोन वर्षांपूर्वी गेल्या. गेल्या हिवाळ्यात झाडं घरात घेतली तेव्हा क्रोटनची पानं आठवडाभरात गळून पडली, अग्लोनेमाच्या पानांवर काळे डाग आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ग्लासांमध्ये लावलेल्या मनीप्लांटच्या कांड्या बुडापासून सडल्या. पाणी मात्र त्या रोज सकाळी न चुकता घालत होत्या, उन्हाळ्यात घालतात तितकंच. यंदा थंडी पडायच्या आत सगळ्या झाडांची कलमं करून ठेवावीत, म्हणजे मोठं झाड गेलंच तर निदान एखादं रोप उरेल, असं त्यांच्या मनात आहे. मॉन्स्टेराचे पाच तुकडे करायचे असं ठरवलंय, पण कात्री हातात घेतली की हात थांबतो. एक मैत्रीण म्हणते, आत्ताच काप, नंतर उशीर होईल. दुसरी म्हणते, थंडीत झाडाला हातसुद्धा लावायचा नाही. कॅलेडियमने तर आताच माना टाकल्या आहेत. ‘मॉन्स्टेरा गेला तर आई पुन्हा गेल्यासारखं होईल. काय करू?’ असं त्या विचारतात.

उत्तर :

ताई,

तुमचा हात थांबतोय, ते योग्यच आहे. मॉन्स्टेराचे पाच तुकडे आत्ता करू नका. पण ‘काहीच करू नका’ असंही मी म्हणणार नाही. मुळं फुटेपर्यंत झाडाचा एकही भाग न तोडता त्याचं दुसरं रोप तयार करायची एक चांगली पद्धत आहे, तिच्याकडे येतेच. त्याआधी गेल्या हिवाळ्यात नेमकं काय झालं ते बघू, कारण यंदाची तुमची सगळी भीती तिथूनच आली आहे.

‘थंडीने झाडं मारली,’ असं तुम्ही लिहिता. तुमच्याच पत्रातले तपशील एकापुढे एक ठेवले तर मला तिथे एक नाही, तीन-चार वेगवेगळी कारणं दिसतात.

क्रोटन घ्या. उघड्या गॅलरीतल्या लख्ख उजेडातून तो एका दिवसात खोलीच्या आत गेला. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, कारण डोळे कमी उजेडाशी चटकन जुळवून घेतात. झाडाला तसं जमत नाही. खिडकीपासून दोन-तीन पावलं आत सरकलं की झाडाला मिळणारा उजेड निम्म्याहूनही खाली येतो. एवढी पानं पोसण्याइतका उजेड नाही, असं झालं की क्रोटन पानं टाकून देतो. त्याच्या स्वभावातच ते आहे, जागा बदललेली त्याला सोसत नाही. पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं नाही. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. गेल्या वर्षीचा क्रोटन तुम्ही फेकून दिला की ठेवला, ते लिहिलं नाहीत. ठेवला असेल तर आधी ही सालीची परीक्षा करा.

अग्लोनेमाचे काळे डाग मात्र खरोखर थंडीचे असावेत. उष्ण प्रदेशातल्या झाडांना थंडी बाधायला बर्फ पडावा लागत नाही. पारा शून्याच्या खूप वर असतानाच त्यांच्या पेशींची आवरणं ताठरतात, त्यांतून आतला रस पाझरतो आणि पानावर आधी पाणी मुरल्यासारखे, मग काळपट डाग उमटतात. बहुतेक घरगुती झाडांना हा त्रास 10 अंश सेल्सिअसच्या खाली होतो. अग्लोनेमा त्यातला फार नाजूक, त्याच्या काही जाती 12-13 अंशांनाच डागाळतात. शिवाय डाग लगेच दिसत नाहीत. थंड रात्र येऊन जाते आणि पान काही दिवसांनी काळं पडतं, त्यामुळे नेमकं कारण ध्यानात येत नाही. डागाळलेलं पान पुन्हा सुधारत नाही, पण खोड घट्ट असेल तर झाड सावरतं.

ग्लासातल्या कांड्यांचं कारण आणखी वेगळं. रात्री खिडकीची काच खोलीतल्या हवेपेक्षा बरीच गार होते आणि काचेला टेकलेल्या ग्लासातलं पाणीही तितकंच गार होतं. त्यावर पडदा ओढला असेल तर घरातली ऊब पडद्याच्या अलीकडे आणि कांड्या पलीकडे. सकाळी तुम्हाला घर उबदार वाटलं असेल, कांड्यांनी मात्र रात्र जवळजवळ बाहेरच काढली होती.

आणि चौथी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, रोजचं पाणी. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथे झालं. उजेड कमी, हवा गार, वाढ मंदावलेली, अशा वेळी झाड पाणी फारच थोडं पितं. उरलेलं कुंडीतच साचतं. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्याने भरली की मुळांना श्वास घेता येत नाही, ती कुजतात. मग पाणी असूनही मुळं ते वर चढवू शकत नाहीत, झाड सुकल्यासारखं दिसतं, आणि सुकलंय असं वाटून आपण आणखी पाणी घालतो. हिवाळ्यात घरातली झाडं जातात ती बहुतेक या फेऱ्यात सापडून. दोष थंडीच्या नावावर जातो.

हे सगळं मांडलं ते तुम्हाला दोष देण्यासाठी नाही. ज्या कारणांनी झाडं गेली त्यांतलं जवळपास प्रत्येक कारण तुमच्या हातात आहे, एवढंच दाखवायचं होतं.

आता तुमच्या पत्रात नसलेला एक आकडा विचारते. तुमच्या घरात रात्री पारा नेमका कितीवर उतरतो? ‘खूप थंडी’ म्हणजे कुणाला 18 अंश वाटतात, कुणाला 8. दिवसातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान नोंदवून ठेवणारा साधा थर्मामीटर मिळतो. तो गॅलरीत कुंड्यांच्या उंचीवर ठेवा, मग झाडं घरात जिथे ठेवणार आहात तिथे ठेवा. गॅलरीत रात्री 15 अंश दिसायला लागले की नाजूक झाडं आत घ्यायला सुरुवात करा. 12-13 पर्यंत थांबू नका. घरात ज्या कोपऱ्यात रात्रीही 16-18 अंश टिकतात तिथे ही सगळी झाडं सुखाने हिवाळा काढतील. अशी जागा घरात असेल, तर ‘झाड जाणार’ हे जे तुम्ही गृहीत धरलंय, त्याला मुळात आधार उरत नाही.

आणि कलमांचा सगळा बेत तर त्याच गृहीतावर उभा आहे. मोठं झाड गेलं तर छोटं रोप उरेल, असं तुम्ही म्हणता. पण मोठ्या झाडाकडे काय आहे बघा. कुंडीभर मुळं, जाड खोडात साठवलेलं अन्न, डझनभर पानं. एक पान आणि एक पेर, म्हणजे खोडावरची एक गाठ, असलेल्या तुकड्याकडे यातलं काय आहे? त्याला मुळं नाहीत, म्हणून पाणी नीट ओढता येत नाही. पान मात्र पाणी बाहेर टाकत राहतं. साठा तेवढ्या कांडीत मावेल तेवढाच. ज्या थंडीत मोठं झाड तग धरणार नाही असं तुम्हाला वाटतं, त्या थंडीत हा तुकडा त्याच्या आधी जाईल. शिवाय पाच तुकडे केल्यावर मागे मोठं झाड उरतंच कुठे?

आणखी एक. पाचही कुंड्या एकाच घरात, एकाच खिडकीत राहणार असतील तर जी चूक एकीला भोवेल ती पाचही जणींना भोवेल. झाड हाताशी राहावं याची खरी तजवीज करायची तर त्याचं एक रोप दुसऱ्या कुणाच्या घरी वाढायला हवं. भाऊ, बहीण, मावशी, आईंची एखादी मैत्रीण, असं कुणी आहे का ज्यांना आईंच्या हातचं झाड घरी असावंसं वाटेल? कलम करून लावलेलं रोप म्हणजे बीपासून आलेली पुढची पिढी नसते. तेच झाड दुसऱ्या कुंडीत वाढत असतं, पेशीन् पेशी तीच. ज्याला तुम्ही आईंचा मॉन्स्टेरा म्हणता, तो दोन घरांत असला तरी दोन्हीकडे तोच असेल. हे मी समजुतीसाठी म्हणत नाही, वनस्पतीच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

आता ती पद्धत. फळझाडांना आपल्याकडे गुटी कलम करतात, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडायची आणि मुळं आल्यावर तोडायची. मॉन्स्टेराला हे फार चांगलं जमतं, कारण तो मुळात चढणारा वेल. दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंतच्या ओल्या जंगलांत तो झाडांच्या खोडांवर चढतो आणि पेरापेरातून हवेत मुळं सोडतो. ओलसर साल सापडली की ही मुळं तिला धरतात. तुमच्या झाडाच्या खोडावर पाहा. पानाचा देठ जिथे खोडाला धरतो तिथे गोल कडं दिसेल, तेच पेर. त्याच्या आसपास तपकिरी, बोथट टोकाचा कोंब पुढे आलेला असेल किंवा लांब दोरीसारखं मूळ लोंबत असेल. पानाच्या बगलेत एक बारीक फुगीर डोळाही असतो, पुढची वाढ त्याच्यातून होते. हवेतलं मूळ आणि डोळा, दोन्ही असलेलं, शेंड्यापासून दुसरं-तिसरं पेर निवडा.

स्फॅग्नम शेवाळ, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ, कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्या. मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंबच गळावा, इतकंच ओलं. ते मूठभर शेवाळ त्या पेराभोवती, हवेतलं मूळ आत येईल असं लपेटा. वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळा, खालून घट्ट आणि वरून थोडं सैल बांधा, म्हणजे शेवाळ सुकायला लागलं की वरून चमचाभर पाणी घालता येईल. साल काढायची नाही. रबराच्या झाडाला गुटी बांधताना दोन-तीन सेंटीमीटर सालीचं वळं काढतात, मॉन्स्टेराच्या खोडाची घडण वेगळी आहे, त्याला तशी साल नसते.

यात तुम्ही झाडाचं काहीच पणाला लावत नाही. फांदीला अन्नपाणी मूळ झाडाकडून मिळतच राहतं. उबदार दिवसांत महिन्या-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. थंडीत याच्या दुप्पट वेळ लागेल, कदाचित वसंताची वाट पाहावी लागेल. पाहू द्या. मुळं आलीच नाहीत तर शेवाळ सोडून टाकायचं, झाड होतं तसंच्या तसं. आली आणि पाच-सात सेंटीमीटर वाढून त्यांना फाटे फुटले की पेराच्या खाली कापायचं, आणि ते कापणंसुद्धा थंडी ओसरल्यावर. तोवर फक्त शेवाळ ओलं ठेवायचं.

बाकीच्या झाडांचा विचार सरसकट करू नका. तुमच्या दोन्ही मैत्रिणी अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहेत, कारण दोघी सगळ्या झाडांना एकच नियम लावतायत.

मनीप्लांट आणि सिंगोनियम यांची कलमं आत्ताही होतील, अट एकच, बुडाशी ऊब हवी. कांडी कापली की शेंड्याकडून खाली येणारं संप्रेरक, ऑक्सिन, काप घेतलेल्या जागी साचतं आणि तिथल्या पेशींना मूळ व्हायला लावतं. हे काम 21 ते 25 अंशांत झपाट्याने होतं. गार पाण्यात ते रेंगाळतं आणि तेवढ्यात काप उघडा राहून सड आत शिरते. मुळं आधी की सड आधी, सगळा प्रश्न इतकाच आहे. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सड आधी पोचली. यंदा ग्लास काचेपासून लांब, घरातल्या सर्वांत उबदार पण उजेडाच्या जागी ठेवा. रोपांखाली अंथरायची गरम होणारी चटई मिळते, ती असेल तर फारच छान. हीटरच्या थेट झोतात किंवा रेडिएटरवर नको, तिथे पानं वाळतात.

कांडी दोन पेरांची पुरे. स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने पेराच्या जरा खाली कापा. खालचं पान काढून टाका, ते पेर पाण्यात आणि पान पाण्याबाहेर. नुसतं देठासकट पान लावलं तर कधीकधी त्याला मुळं येतातही, पण डोळा नसल्याने नवा कोंब कधीच येत नाही. मॉन्स्टेराचं आणि मनीप्लांटचं असं बिनपेराचं पान महिनोन् महिने हिरवं राहतं आणि माणूस वाट बघत बसतं. पाणी तीन-चार दिवसांनी बदला, खोलीत ठेवून खोलीइतकं झालेलं पाणीच वापरा. ग्लासाच्या आत बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं, किंवा पाण्याला वास यायला लागला, तर ग्लास धुवा, कांडीचा मऊ पडलेला भाग निरोगी भागापर्यंत कापून टाका आणि पुन्हा सुरुवात करा. पेरावर पांढरे बारीक फुगवटे दिसले की समजा, मुळं येणार. ती चार-पाच सेंटीमीटर झाली की लगेच मातीत लावा, फार लांब होऊ देऊ नका. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि मातीशी जुळवून घ्यायला त्यांना वेळ लागतो. पहिले दोन आठवडे माती नेहमीपेक्षा किंचित ओलसर ठेवा, मग हळूहळू पाणी कमी करा. कुंडी छोटी घ्या. मोठ्या कुंडीत लहान मुळं न शोषू शकणारी ओल साठते.

मातीत थेट लावायचं असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) निम्मं निम्मं, आणि वरून पारदर्शक पिशवी. नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाच्या लंडनमधल्या एका डॉक्टरने 1829 मध्ये पतंगाचा कोष बघण्यासाठी ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. पतंगापेक्षा त्याचं लक्ष वेधलं ते बाटलीत आपोआप उगवलेल्या नेच्याने, म्हणजे फर्नने. शहरातल्या धुरकट हवेत जे नेचे त्याच्याकडे जगत नव्हते, ते बंद काचेत वाढत होते. पुढे 1833 मध्ये त्याने काचेच्या बंद पेट्यांतून झाडं सिडनीला जहाजाने पाठवली आणि कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर ती जिवंत पोचली. पिशवीखाली होतं तेच, पानातून उडालेलं पाणी आतच राहतं आणि बिनमुळांच्या कांडीची तहान कमी होते. फक्त रोज थोडा वेळ पिशवी उघडा, नाहीतर बुरशी येते.

स्नेक प्लांट आणि झीझी यांना आत्ता हात लावू नका. उन्हाळ्यातही त्यांच्या पानांना मुळं यायला महिने लागतात, गारठ्यात ती पानं बहुधा सडतात. तुमचा स्नेक प्लांट पिवळ्या किनारीचा असेल तर हेही लक्षात ठेवा की त्याच्या पानाच्या तुकड्यापासून येणारं रोप साधं हिरवं येतं. पिवळी किनार टिकवायची तर गड्डा फोडून वेगळा करायला हवा. अग्लोनेमाचीही वाटणी अशीच, गड्ड्यातून, पण उबदार दिवस परत आल्यावर. मुळं दुखावलेल्या झाडाला गारठ्यात ठेवणं म्हणजे त्याच्यावर दोन ओझी एकदम टाकणं. रबराच्या झाडालाही तेव्हाच गुटी बांधा.

आणि कॅलेडियम, ज्याची तुम्हाला काळजी वाटतेय, तो मरत नाहीये. दिवस लहान आणि गार झाले की तो पानं टाकतो आणि मातीखालच्या कंदात निजतो. पाणी कमी करत करत बंद करा. पानं पूर्ण वाळली की कंद काढून माती झटका, कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवा किंवा कुंडीतच कोरडा राहू द्या. जागा 15 अंशांच्या वरची हवी. माती पुन्हा उबदार झाली की लावा, कोंब येईल. हा रिकामी कुंडी समजून फेकला जातो, म्हणून कुंडीवर चिठ्ठी चिकटवा.

झाडं आत घेतानाचं थोडक्यात सांगते. एका दिवसात सगळी उचलून आणू नका. आधी आठवडाभर गॅलरीतल्या सावलीच्या बाजूला ठेवा, मग आत. आत आणण्यापूर्वी पानांच्या खालच्या बाजू नीट बघा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. पानाखाली बारीक जाळं आणि पानावर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. घर कृत्रिमरीत्या तापवलेलं असेल तर कोरड्या हवेत तो फार झपाट्याने पसरतो. बाथरूममध्ये नेऊन पानं दोन्ही बाजूंनी धुवा, आठवड्याने पुन्हा धुवा. संशय असलेलं झाड दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. खिडकीची काच आणि झाडांची पानं पुसणं हे हिवाळ्यातलं सर्वांत साधं आणि सर्वांत उपयोगी काम आहे, धुळीने अडवलेला उजेड त्याने परत मिळतो. खिडकी अंधारी असेल तर पांढऱ्या उजेडाचा साधा एलईडी दिवा झाडांच्या वर हातभर अंतरावर लावून दिवसाचे बारा तास चालू ठेवा. पानांवर पाणी फवारल्याने हवेतली ओल वाढते ती थोडा वेळच, त्यात फार शक्ती घालवू नका. त्यापेक्षा झाडं एकमेकांजवळ ठेवा. खत बंद, कुंडी बदलणं बंद.

पाणी घालायचा दिवस ठरवू नका. मातीत बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओल लागली तर नाही. मोठ्या कुंड्या किंचित कलवून वजनाचा अंदाज घ्या. सुकलेली कुंडी हाताला चटकन हलकी लागते, चार-सहा वेळा केलं की हात शिकतो. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. मातीभोवती बारीक चिलटं उडायला लागली तर वरची माती सतत ओली राहतेय असं समजा आणि पाणी आणखी लांबवा. झीझी आणि स्नेक प्लांट तर महिनाभर पाणी न घालताही नीट राहतात. रोज सकाळी झाडांपाशी जायची तुमची सवय मोडायला मी सांगत नाही. जा, पानं उलटून बघा, बोट घालून बघा, फक्त तांब्या रोज सोबत नेऊ नका.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मॉन्स्टेरा, मनीप्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा, कॅलेडियम या सगळ्यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात हे ध्यानात ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते. कापताना हातमोजे घाला आणि कांड्यांचे ग्लास उंचावर ठेवा.

आईंबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी हलक्यावारी घेतलेलं नाही. पण या झाडाची पानं पिवळी पडून गळतीलच, कधी एखादी फांदीही जाईल. हिवाळ्यात जुनी, खालची एक-दोन पानं जाणं हे कुठल्याही मॉन्स्टेराचं नेहमीचं आहे. प्रत्येक पिवळ्या पानाला तुम्ही आईंच्या जाण्याशी जोडलंत तर तुम्हाला हे झाड जपणं फार जड होईल आणि भीतीपोटी जास्तीचं पाणी, जास्तीची कापाकापी होत राहील. आईंनीही याची पानं तोडून टाकली असतील, वेल आडवा आला म्हणून कधी छाटला असेल. त्यांना या झाडाला हात लावताना भीती वाटत होती का, एवढं एकदा आठवून बघा.

आता एकच अपवाद. हिवाळ्यात कधीही मॉन्स्टेराचं खोड मातीलगत मऊ लागलं, दाबल्यावर बोट आत गेलं, तपकिरी पाणी सुटलं किंवा कुजका वास आला, तर वर लिहिलेलं ‘थांबा’ विसरा आणि त्याच दिवशी कात्री घ्या. मग ऋतू बघायचा नाही, कारण सड वर चढत जाते. खोड कापत वर या, दर कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, आणि काप आतून पूर्ण पांढरट-हिरवा, डागाशिवाय दिसेपर्यंत थांबू नका. उरलेल्या भागाचे पेर आणि पान असलेले तुकडे करा, काप काही तास हवेवर सुकू द्या, मग ओलसर शेवाळात लावून पिशवीने झाका आणि बुडाशी 22-25 अंशांची ऊब द्या. वरच्या पेराला तोवर शेवाळ बांधलेलं असेल तर त्या तुकड्याची मुळं बहुधा सुरू झालेली असतील. म्हणून या आठवड्यात आधी शेवाळ आणा, थर्मामीटर त्यानंतर आणला तरी चालेल. खोड मऊ लागलं आणि नेमकं कुठून कापायचं कळेना, तर कापाचा फोटो उजेडात काढून पाठवा, मी लगेच उत्तर देईन.